आपल्या भागाची चित्रकथा स्वतः लिहा, स्वतः काढा: फ्रान्सिस्को कोचिंगच्या वाटेने

चार पानं, काळी शाई, एक ब्रश आणि आपल्या भागातली एक गोष्ट. एवढ्या सामानात चित्रकथा उभी राहते. ती कशी करायची ते सांगतो. गोष्ट लिहिणारा आणि चित्रं काढणारा माणूस एकच आहे असं धरून सांगणार आहे, कारण ज्याच्याकडून मी हे शिकलो तो दोन्ही कामं एकट्याने करायचा. फ्रान्सिस्को कोचिंग, फिलिपिन्सचा. त्याला मी कधी भेटलो नाही. त्याची स्कॅन केलेली पानं मोबाईलवर मोठी करून करून पाहिली, रेघ कुठे सुरू झाली आणि कुठे उचलली ते शोधत बसलो.

मी अमळनेरातला पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकचे फाळके, शाळेच्या भिंती, गणेश मंडळांचे पडदे, हे सगळं हाताने रंगवलं. फ्लेक्स आल्यापासून पाट्यांचं काम थोडंच उरलं, पण ब्रश हातात आहे, आणि रविवारी सकाळी दुकानाच्या ओट्यावर पोरं-पोरी चित्रकथा शिकायला बसतात. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितो.

नवीन पोरगं आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काका, सुपरहिरो काढू का?" काढ की. पण त्याआधी मी त्याला कोचिंगची हकीकत सांगतो.

हा माणूस १९१९ साली मनिलाजवळच्या पासिगमध्ये, बुतिंग नावाच्या वस्तीत जन्मला. बाप ग्रेगोरियो कादंबरीकार, 'लिवायवाय' या टागालोग भाषेतल्या साप्ताहिकात लिहायचा. म्हणजे गोष्ट रचताना काय खटपट असते ते पोराने घरातच पाहिलं. शाळा अर्धवट सोडून पंधराव्या वर्षी तो त्याच साप्ताहिकात टोनी वेलास्केझच्या हाताखाली शिकाऊ म्हणून लागला. वेलास्केझ म्हणजे १९२९ पासून 'केन्कोय' हे पात्र काढणारा, तिथल्या चित्रकथेचा पाया घालणारा माणूस. कोचिंगची स्वतःची पहिली मालिका १९३४ मधली. मग महायुद्ध आलं, जपानी फौजा आल्या, आणि हा गनिमी तुकडीत सामील झाला. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये त्याने 'हागिबिस' सुरू केलं. जंगलात राहणारा पिळदार अंगाचा नायक, अमेरिकन टारझनची छाप उघड दिसते. ते तुफान चाललं.

खरी गोष्ट पुढे आहे. १९५३ मध्ये 'एल इंदियो' आलं, स्पॅनिश अमलातल्या फिलिपिन्समध्ये घडणारं. १९५४ मध्ये 'पेद्रो पेंदुको', खेड्यातला साधा गडी, तो तिथल्या लोककथांतल्या भुताखेतांशी झुंजतो. त्याच दशकात लापू-लापू या सरदारावरची मालिका, ज्याच्या माणसांनी १५२१ मध्ये माक्तान बेटावर दर्यावर्दी मॅगेलनला मारलं. कोचिंग परक्या जंगलातून निघाला आणि स्वतःच्या मातीवर आला. त्याच्या कितीतरी मालिकांचे सिनेमे निघाले. १९७३ च्या सुमारास, पन्नाशी ओलांडल्यावर, त्याने काम थांबवलं. १९९८ मध्ये तो गेला, आणि २०१४ मध्ये देशाने त्याला राष्ट्रीय कलावंत हा किताब मरणोत्तर दिला. ज्या कागदावरची चित्रं लोक वाचून फेकून देत, ती काढणाऱ्याला देशाचा सर्वात मोठा कलासन्मान मिळाला. पोरांना हे सांगताना मला दरवेळी भरून येतं.

तर सुपरहिरो जरूर काढा, पण त्याच्या पायाखालची जमीन आपली असू द्या.

गोष्ट कुठून काढायची

कोचिंगची एक युक्ती उचलण्यासारखी आहे: काळ खरा, नायक कल्पित. 'एल इंदियो'त स्पॅनिश राज्य खरं, नायक मनातला. त्यामुळे इतिहासातल्या माणसाच्या तोंडी आपण बनवलेली वाक्यं घालावी लागत नाहीत आणि गोष्टीला मोकळं रान मिळतं.

आपल्याकडे काळाची कमी नाही. शिरपूरहून आग्रा रस्त्याने वर गेलं की सेंधव्याचा घाट लागतो. या घाटाच्या रस्त्याची राखण ज्याच्याकडे होती तो खाज्या नाईक १८५७ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला, भिल्लांची फौज उभी केली, आणि एप्रिल १८५८ मध्ये सातपुड्यात आंबापाणीची लढाई झाली. शेकडो माणसं त्यात होती, बायकाही होत्या. आमच्या ओट्यावर आम्ही या काळात एक पोरगा सोडला. शिरपूरकडच्या गावातला, बाप गाडीवान. कंपनीच्या पलटणीने त्यांचा एक बैल ओढायला नेला. पोरगा बैल शोधत घाट चढतो. एवढीच गोष्ट. मोठ्या लढाईकडे एका बैलाच्या मागे मागे जायचं. लहान मागणी घेऊन निघालेला माणूस वाचकाला लगेच आपला वाटतो. "देशासाठी लढेन" म्हणत निघालेला जरा उशिराने.

इतिहास नको असेल तर पेद्रो पेंदुकोची वाट धरा. आजीला विचारा, गावच्या विहिरीत काय आहे, शिवेवरच्या चिंचेखालून रात्री कोणी का जात नाही. एका पोरीने तापीच्या डोहातल्या आसरांची गोष्ट काढली. तिच्या आजीने सांगितलेले तपशील कुठल्या पुस्तकात मिळणार नाहीत.

लिहायचं आधी

पेन्सिल उचलण्याआधी वहीचं पान उभं दुमडा. डावीकडे काय दिसतं ते, उजवीकडे कोण काय बोलतं ते. आमच्या पहिल्या पानाचं असं झालं:

पहिली चौकट. रिकामी गव्हाण, खुंट्याला तुटलेलं दावं. वर पट्टी: 'आग्रा रस्ता, १८५७.'

दुसरी. पोरगा दारात. "बा, मना बैल कोठे शे?"

तिसरी. बाप चाकाला वंगण लावतोय, पाठमोरा. शब्द नाहीत.

चौथी, सर्वात मोठी. रस्ता, धूळ, तोफेला जुंपलेले बैल, शिपाई. शब्द नाहीत.

पाचवी, लहान. पोरग्याने दावं खांद्यावर टाकलंय, तो चौकटीच्या बाहेर निघालाय.

तिसरी चौकट नीट पाहा. बाप उत्तर देत नाही, आणि बैल गेला कुठे हे पोराला कळतं. हे वाक्यात लिहिलं असतं तर पडलं असतं. डावीकडचा रकाना वाचून उजवीकडचं वाक्य उगाच वाटलं की ते सरळ खोडा. कोचिंगच्या काळातल्या चित्रकथांत पट्ट्यांमध्ये भरपूर मजकूर असे, तेव्हाच्या वाचकाला तो हवा होता. इथे मात्र मी त्याच्या मागे जात नाही. एका फुग्यात, म्हणजे पात्राचं बोलणं लिहायच्या गोलात, बारा-पंधरा शब्दांच्या वर गेलात तर फुगा चित्र खाऊन टाकतो.

बोली अहिराणी ठेवा, पट्ट्या प्रमाण मराठीत. गाडीवानाचं पोरगं "माझा बैल कुठे आहे?" म्हणू लागलं की गोष्ट खोटी वाटते.

कोचिंगच्या मालिका हप्त्याहप्त्याने छापल्या जात. हप्ता संपताना वाचकाला पुढचा अंक घ्यावासा वाटलाच पाहिजे. म्हणून चौथ्या पानाची शेवटची चौकट आधी ठरवा, मग मागे या. आमच्या शेवटच्या चौकटीत पोरग्याला बैल दिसतो, पण त्याचा कासरा खाज्या नाईकाच्या माणसाच्या हातात.

पाहून काढा: सारंगखेड्याचे घोडे

१८५७ ची गोष्ट म्हटली की घोडा आला, आणि इथेच बहुतेक पोरांचा हात अडतो. कोचिंगचे घोडे पाहा: मान वळलेली, आयाळ उडालेली, चौकटीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे तिरके झेपावणारे. तिरकी रेघ धावते, आडवी रेघ झोपते, उभी रेघ उभी राहते. घोडा पळवायचा असेल तर त्याच्या कण्याची रेघ तिरकी घ्या.

घोडा शिकायला आपल्याइतकी सोय कोणाला नसेल. शहादा तालुक्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून यात्रा भरते, आणि तिथला घोडेबाजार लांबलांबच्या लोकांना ओढून आणतो. वही घेऊन जा. मालकाला विचारा, "नाना, चित्र काढू का?" बहुतेक जण हौसेने घोडा नीट उभा करून देतात. मागच्या बाजूला उभं राहू नका, खांद्याच्या रेषेत बाजूला थांबा.

पहिल्या तासाला फक्त पाय काढा. घोड्याच्या पुढच्या पायाचा जो सांधा आपण गुडघा म्हणतो तो खरं तर आपल्या मनगटाच्या जागी आहे, आणि मागच्या पायाचा मागे वळणारा सांधा म्हणजे आपली टाच. खरा गुडघा वर, पोटाजवळ आहे. हे एकदा डोक्यात बसलं की मागचे पाय उलटे वळत नाहीत. मग कान. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांच्या कानांची टोकं आत वळून जवळजवळ एकमेकांना लागतात. ते दोन बाक नीट आले की घोडा इथला दिसतो. शेवटी चाल. जुन्या चित्रांत धावता घोडा पुढचे-मागचे पाय ताणून हवेत दाखवलेला असतो. प्रत्यक्षात चारही पाय जमिनीवरून सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. बाजारात चाल दाखवायला घोडा पळवतात तेव्हा मोबाईलवर सावकाश गतीचा व्हिडिओ घ्या आणि घरी थांबवून थांबवून काढा.

झाडांचंही असंच. घाट काढायचा तर घाटात जा. साग, पळस, सालई, अंजन. उन्हाळ्यात निष्पर्ण साग म्हणजे नुसत्या काळ्या रेघा, शाईच्या कामाला फार छान. आणि तीरकामठा धरलेला हात मनाने काढू नका. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत तो आजही घरात असतो. कोणाला तरी धरायला सांगा आणि दोर ताणल्यावर खांद्याचं काय होतं ते बघा.

कागद, पेन्सिल

हे पटकन उरकतो. ए-३ आकाराचा जाड, गुळगुळीत कार्डशीट घ्या. त्यावर २४ बाय ३४ सेंटिमीटरची चौकट आखा. हे नंतर छोटं होऊन ए-४ वर येतं आणि बारीक चुका आपोआप लपतात. आधी काडेपेटीएवढ्या आकारात पानाचे तीन-चार नकाशे काढा: कुठली चौकट मोठी, कुठली बारीक, डोळा कुठून कुठे जाईल. मोठ्या कागदावर हलक्या हाताने, एचबी पेन्सिलने. चौकटींमध्ये पाऊण सेंटिमीटर अंतर.

पेन्सिल झाल्यावर पान आरशात धरा. वाकडा चेहरा तिथे लगेच पकडला जातो.

अक्षरं शाईच्या आधी

पाट्या रंगवून जे कमावलं ते सगळं इथे ओततो, म्हणून जरा थांबून वाचा.

देवनागरीला वर जागा लागते, खाली जागा लागते. 'कोठे'ची मात्रा, 'की'ची वेलांटी, 'खुंट्या'चा उकार आणि अनुस्वार. इंग्रजी चित्रकथेतला फुगा पाहून तेवढाच फुगा काढला की मराठी ओळी एकमेकींत घुसतात. म्हणून अक्षर आधी, फुगा नंतर. शिरोरेघेपासून तळापर्यंत ५ मिलिमीटर उंची, आणि दोन ओळींमध्ये आणखी तेवढीच मोकळी जागा. पेन्सिलने दोन्ही रेघा आखा. पाटीवर आम्ही सूत मारतो; कागदावर पट्टी पुरते.

शब्द लिहून झाला की शिरोरेघ एका दमात, शब्दाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत. अक्षराअक्षराला तुकड्याने ओढली की ती थरथरते. शब्द तोडून पुढच्या ओळीत नेऊ नका. ओळी मधल्या लांब, वरखालच्या आखूड ठेवल्या की फुगा आपसूक गोल बसतो. ओरडायचं असेल तर जाडी वाढवा, उंची तीच ठेवा. कुजबुजायचं तर बारीक अक्षर आणि भोवती भरपूर पांढरं.

फुग्याची शेपटी तोंडाकडे जाऊ द्या, कपाळाकडे नको. जो आधी बोलतो त्याचा फुगा वर आणि डावीकडे. यासाठी माणसांच्या जागा बदलाव्या लागल्या तर पेन्सिलीतच बदला.

शाई

काळी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक आणि तीन नंबरचा गोल ब्रश. सेबल, म्हणजे प्राण्याच्या केसांचा, परवडला तर उत्तम, नाहीतर चांगला सिंथेटिक. ब्रश पाण्यात बुडवून झटकला की टोक सुईसारखं जुळलं पाहिजे. दुकानदाराला पाणी मागा आणि तिथेच बघून घ्या.

कोचिंगच्या पानाचा जीव या रेघेत आहे. एकाच ओढीत ती बारीक सुरू होते, दंडाच्या फुगवट्यावर जाड होते, मनगटापाशी पुन्हा बारीक होते. हे बोटांनी होत नाही. करंगळी कागदावर टेकवा, हात कोपरापासून हलू द्या, दाब द्या आणि सोडा. रद्दी कागदावर शंभर वेळा तीच रेघ ओढा, दाब-सोड, दाब-सोड. पोरांना हे कंटाळवाणं वाटतं. पण ज्यांनी केलं त्यांचं पहिलं पान आणि ज्यांनी टाळलं त्यांचं पहिलं पान मी ओट्याच्या दुसऱ्या टोकावरून ओळखतो.

मग काळं कुठे भरायचं ते ठरवा. उजेड एका बाजूने येतोय असं धरा आणि त्या बाजूला पेन्सिलने बारीक सूर्य काढून ठेवा. सावलीचा भाग सरळ काळा भरा. काळ्याच्या कडेपासून उजेडाकडे लहान रेघा ओढा, बुडाशी जाड, टोकाला बारीक. धोतराच्या चुण्या, घोड्याची छाती, ढगांची बूडं, सगळं याच रेघांनी गोल होतं. डोळे किलकिले करून पान पाहा. सगळं करडं दिसलं तर काळं कमी पडलंय. माझा अंदाज पानाचा तिसरा हिस्सा काळा. आमच्या चौथ्या चौकटीत तोफ आणि बैल पूर्ण काळे आहेत, धूळ कोरी सोडलेली. धूळ दाखवायला एक रेघही खर्च झाली नाही.

आपल्याकडचं ऊन लक्षात घ्या. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा उघड्या बाटलीतली शाई बघता बघता घट्ट होते. झाकणात थोडी थोडी ओतून घ्या, बाटली बंद ठेवा, घट्ट वाटली तर दोन थेंब पाणी. हाताखाली कोरा कागद ठेवा, घामाने पेन्सिल पुसली जाते. आणि कूलरसमोर बसू नका. त्याच्या ओल्या हवेने कार्डशीट फुगतं आणि शाई पसरते. पहाटे पाच ते नऊ शाईचं काम, दुपारी लिहिण्याचं, असं वाटून घ्या.

शाई पूर्ण वाळल्यावरच खोडरबर. उन्हाळ्यात तासभर पुरे, पावसाळ्यात रात्रभर थांबा.

छपाई

६०० डीपीआयला स्कॅन करा, काळं-पांढरं ठेवा. मोबाईलने फोटो काढलात तर एका बाजूला सावली येतेच, ती छापताना घाण दिसते. झेरॉक्सवाल्याकडे ए-३ कागद दोन्ही बाजूंनी: बाहेरच्या बाजूला डावीकडे पान ४, उजवीकडे पान १, आतल्या बाजूला डावीकडे २, उजवीकडे ३. मधोमध घडी घातली की पुस्तिका तयार, पिनसुद्धा लागत नाही. मोठा काळा भाग साध्या मशीनवर पांढुरका येतो, म्हणून आधी एक प्रत काढून गडदपणा वाढवायला सांगा. भागलं नाही तर चांगला लेझर प्रिंट काढून घ्या आणि त्यावरून झेरॉक्स मारा.

प्रती द्यायच्या कुठे? आम्ही वाचनालयात, चहाच्या टपरीवर आणि एसटी स्टँडवरच्या पेपरवाल्याकडे ठेवतो. सलूनमध्ये जरूर ठेवा, तिथे माणसाला वाचायला वेळ असतो.

मूळ पानं जपा

यावर मी कडक आहे. फिलिपिन्समध्ये त्या काळी छापून झाल्यावर मूळ चित्रं बहुतेक कलावंतांकडे परत येत नसत, आणि किती पानं कायमची गेली त्याचा हिशोब नाही. 'एल इंदियो' २००९ मध्ये पुन्हा पुस्तकरूपाने आलं ते गेरी अलांग्विलान या दुसऱ्या चित्रकाराने जुनी पानं बसून साफ केली म्हणून. तोही स्वतः लिहायचा आणि स्वतः काढायचा, सान पाब्लो गावात राहून. त्याची 'एल्मर' ही माणसासारखं बोलू लागलेल्या कोंबड्यांची गोष्ट परदेशातही छापली गेली. स्वतःचं काम बाजूला ठेवून त्याने आधीच्या पिढीची पानं वाचवली, याबद्दल मला त्याचा फार आदर वाटतो.

तेव्हा पानं गुंडाळू नका, आडवी ठेवा, मध्ये बटर पेपर घाला. लोखंडी पेटी चालेल, पण जमिनीवर नको. पावसाळ्यात ओल धरते आणि कसर लागते. मागच्या बाजूला पेन्सिलने नाव, तारीख, हप्ता आणि पान क्रमांक लिहा. पेनने नको, शाई पुढे उमटते. आणि पहिल्या हप्त्याच्या प्रती वाटायला जाण्याआधी दुसऱ्याची वही दुमडून डावा रकाना सुरू करा, म्हणजे टपरीवर कोणी "पुढे काय झालं?" विचारलं तर सांगायला काहीतरी असेल.